कळतं, पण वळत का नाही? जुन्या जखमा, नात्यातली तीच ती भांडणं आणि थेरपिस्टची करुणा

पॉल गिल्बर्ट हे इंग्लंडमधल्या डर्बीचे मानसशास्त्रज्ञ. नैराश्याच्या रुग्णांबरोबर काम करताना त्यांना एक कोडं पडलं होतं. रुग्ण थेरपीत शिकवलेलं सगळं मन लावून करत होते. ‘मी अगदीच निकामी आहे’ असा विचार आला की त्याच्या विरोधातले पुरावे शोधायचे, त्यातून एखादं समतोल वाक्य तयार करायचं आणि ते स्वतःला सांगायचं. वाक्यं चोख होती, तर्कही बरोबर होता, तरी मन जागचं हलत नव्हतं. मग गिल्बर्टनी एक साधी गोष्ट विचारली: हे वाक्य तुम्ही मनात ज्या स्वरात म्हणता, त्याच स्वरात मोठ्याने म्हणून दाखवा. लोकांनी म्हणून दाखवलं, आणि धीराच्या शब्दांखालचा स्वर ऐकू आला. तो चिडलेला होता, तुच्छतेचा होता.

हा स्वर आपल्याही ओळखीचा आहे. ‘सगळं आहे ना तुझ्याकडे? मग तोंड पाडून का बसलायस?’ या वाक्यात चुकीचं काहीच नाही, सगळं खरंच असतं. पण ते ऐकून आजवर कोणाचं तोंड उजळलंय?

गिल्बर्टना यातून जी दिशा मिळाली तिला पुढे ‘करुणाकेंद्री थेरपी’ म्हणजे कंपॅशन फोकस्ड थेरपी असं नाव पडलं. त्याच सुमारास आणि त्याच्या आधी-नंतर, वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या वाटांनी आलेले बरेच थेरपिस्ट एका ठिकाणी येऊन पोचत होते. जुन्या मानसिक आघातांवर आणि त्यातून बिघडलेल्या नात्यांवर काम करायचं, तर माणसाला त्याची चूक दाखवून देणं पुरत नाही, हे सगळ्यांच्याच लक्षात येत होतं. करुणा म्हटलं की आपल्याला डोक्यावरून फिरणारा हात, डोळ्यांतलं पाणी, फार तर संतवाणी आठवते. थेरपीतली करुणा त्यामानाने बरीच कोरडी आणि शिस्तीची गोष्ट आहे. तिच्यामागे एक निरीक्षण आहे, आणि ते कळलं की बाकीचं आपोआप उलगडत जातं. ते निरीक्षण सगळ्यात स्वच्छ दिसतं ते एका अनपेक्षित जागी, वजन कमी करण्याच्या दवाखान्यात.

अमेरिकेत सॅन डिएगो इथे 1980 च्या दशकात डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणावरचा एक कार्यक्रम चालवत होते. कार्यक्रम उत्तम चालला होता, लोकांची वजनं झपाट्याने उतरत होती. अडचण अशी, की ज्यांचं वजन सगळ्यात छान उतरत होतं त्यांच्यातलेच बरेच जण मध्येच सोडून जायचे आणि पुन्हा जाड व्हायचे. फेलिटींनी अशा लोकांना बोलावून सविस्तर मुलाखती घेतल्या. त्यात लहानपणीच्या लैंगिक अत्याचाराच्या हकिकती एकामागून एक येऊ लागल्या. काही जणींचं म्हणणं साधारण असं होतं, की जाड असलं की कोणी वळून बघत नाही. वजन उतरलं, पुरुषांच्या नजरा पुन्हा वळू लागल्या, आणि जुनी भीती जागी झाली. डॉक्टर ज्याला आजार समजत होते, ते त्या बाईच्या दृष्टीने संरक्षण होतं. ते काढून घ्यायला निघालेल्या माणसापासून ती पळून जाणार नाही तर काय?

या धाग्यावरून पुढे फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी 17 हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल प्रश्न विचारले. मारहाण, अपमान, दुर्लक्ष, घरातलं दारूचं व्यसन, आईला होणारी मारझोड, घरातल्या कोणाचा तरी तुरुंगवास असे ते प्रश्न होते. हे लोक बहुतांशी मध्यमवर्गीय, नोकरदार, आरोग्यविमा असलेले होते. तरी जवळपास दोन-तृतीयांश लोकांच्या वाट्याला यातली निदान एक गोष्ट आली होती. अशा अनुभवांची संख्या जितकी जास्त, तितकं पुढच्या आयुष्यात नैराश्य, व्यसन आणि हृदयविकारासारख्या आजारांचंही प्रमाण जास्त, असं 1998 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात दिसलं. ही आकडेवारी समूहाची आहे, एकट्यादुकट्याचं भविष्य सांगणारी नाही, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं.

तर निरीक्षण ते हे: आज जी सवय नडते आहे, ती एके काळी कुठल्या तरी घरात उपाय म्हणून जन्मली होती.

बाप दारू पिऊन आला की ज्या मुलाला पावलांच्या आवाजावरून त्याचा मूड ओळखावा लागतो, तो मुलगा पुढे बायकोच्या चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ वाचतो आणि तिने नुसती जांभई दिली तरी ‘चिडलीस का?’ म्हणून विचारतो. आई अंथरुणाला खिळलेली असताना ‘तू मोठी आहेस ना?’ हे वाक्य ऐकत वाढलेली मुलगी चाळिशीत सगळ्यांची दुखणी काढते आणि स्वतःला ताप आला तर कोणाला सांगत नाही. ‘मुलीसारखा रडतोस काय?’ असं ज्याला प्रत्येक वेळी ऐकावं लागलं, तो रडणं थांबवतो. रडण्याबरोबर आणखी काय काय थांबलं याचा हिशेब कोणी ठेवत नाही. यातलं काहीही वेडेपणाचं नव्हतं. त्या घरात, त्या वयात, त्या मुलाच्या हातात जेवढं होतं, त्यातून काढलेली ती शहाणपणाची वाट होती.

इथे आघात, म्हणजे ट्रॉमा, या शब्दाने नेमकं काय म्हणायचंय ते सांगायला हवं, कारण हल्ली तो शब्द फार स्वस्त झालाय. ऑफिसात बॉस ओरडला तरी लोक ट्रॉमा म्हणतात. वैद्यकशास्त्रात ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ (पीटीएसडी) हे निदान 1980 साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत आलं, आणि ते येण्यामागे व्हिएतनाम युद्धाहून परतलेल्या सैनिकांचा मोठा वाटा होता. एखादा भीषण प्रसंग, त्याची पुन्हापुन्हा उसळणारी आठवण, त्याची आठवण करून देणारं सगळं टाळणं आणि सतत दचकलेलं शरीर, असं त्याचं चित्र आहे. पण ज्यूडिथ हर्मन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी दाखवून दिलं की वर्षानुवर्षं, बाहेर पडायला वाट नसताना, जवळच्याच माणसाकडून जे सोसावं लागतं त्याचं रूप वेगळं असतं. बऱ्याच चर्चेनंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे 2022 पासून लागू झालं, ‘कॉम्प्लेक्स’ म्हणजे गुंतागुंतीचा पीटीएसडी असं स्वतंत्र निदान आलं. त्याच्या लक्षणांत तीन गोष्टींची भर आहे: भावना आवरता न येणं, स्वतःबद्दल कमालीची हीन भावना, आणि नाती टिकवताना, माणसांच्या जवळ जाताना येणारी अडचण. म्हणजे नात्यातली ओढाताण ही इथे आजाराच्या व्याख्येतच आहे. ‘स्वभावच तसा’ म्हणून ती सोडून देता येत नाही.

प्रत्येक जुनं दुखणं म्हणजे हा आजार नव्हे. मात्र त्यामागची यंत्रणा आपल्या सगळ्यांमध्ये आहे. धोका दिसला की मेंदूतला अमिग्डाला नावाचा छोटासा भाग विचार करणाऱ्या भागाची वाट न बघता शरीराला कामाला लावतो. छाती धडधडते, हातपाय लढायला नाहीतर पळायला तयार होतात. दोन्ही शक्य नसेल तर माणूस गोठतो. लहान मुलाला घरातल्या मोठ्या माणसाशी लढता येत नाही आणि पळायला दुसरं घर नसतं, म्हणून मुलांमध्ये हे गोठणं फार दिसतं. पुढे तीस वर्षांनी त्याच पट्टीतला आवाज कानावर पडला की शरीर तारीख-वार विचारत नाही. कळतं पण वळत नाही, याचं एक कारण हे आहे. कळणं एका ठिकाणी असतं आणि धडधड दुसऱ्या ठिकाणी.

आता नात्यांकडे. जॉन बोल्बी हे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ लंडनच्या सधन घरात वाढले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे आई दिवसातून जेमतेम तासभर भेटे, बाकी सगळं दाईच्या हाती. ते चारएक वर्षांचे असताना ती दाई नोकरी सोडून गेली. आई गमावण्याइतकंच ते दुःख होतं, असं त्यांनी पुढे सांगितलं. दुसऱ्या महायुद्धानंतर जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी बेघर, निराधार मुलांबद्दल अहवाल लिहिला, तो 1951 चा. त्यांचं म्हणणं असं, की मुलाला दूध लागतं तशीच कोणाची तरी हक्काची जवळीक लागते, आणि ती चैन नाही, जगण्याची गरज आहे. आज हे कोणालाही पटेल. पण त्या काळात इंग्लंडच्या इस्पितळांत आजारी मुलांना आईवडिलांनी फार भेटू नये असा नियम होता, कारण भेटून गेल्यावर मुलं रडतात. बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी 1952 मध्ये इस्पितळातल्या एका दोन वर्षांच्या मुलीचं चित्रीकरण करून दाखवलं, की न रडणारं मूल शांत झालेलं नसतं, ते हरलेलं असतं. पुढे हे भेटीचे नियम बदलले.

बोल्बींच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडात आणि मग अमेरिकेत बाल्टिमोरला आई-बाळांचं बारकाईने निरीक्षण केलं. त्यांचा वीसेक मिनिटांचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. वर्षाच्या आतबाहेरचं बाळ, अनोळखी खोली, आई दोनदा बाहेर जाते आणि परत येते. बाळ आई गेल्यावर किती रडतं यापेक्षा ती परत आल्यावर काय करतं ते बघायचं. बरीच बाळं आईकडे झेपावतात, कुशीत शांत होतात आणि पुन्हा खेळायला लागतात. काही बाळं आईला चिकटतात आणि तिलाच ढकलतात, त्यांचं रडणं थांबतच नाही. आणि काही बाळं आई आली तरी मान वळवतात, खेळण्यातच गुंतलेली दिसतात. या तिसऱ्या बाळांचं पाहुण्यांना फार कौतुक वाटेल: किती शहाणं आहे, त्रास म्हणून नाही! पण 1970 च्या दशकात ॲलन स्रूफ आणि एव्हरेट वॉटर्स यांनी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले. ते वाढलेले होते. बाहेरून थंड असलेलं बाळ आतून घाबरलेलंच होतं. रडून कोणी येत नाही, उलट आई आणखी दूर जाते, एवढं ते वर्षभराच्या आयुष्यात शिकलं होतं. आणखी एक गट मेरी मेन यांनी नंतर वेगळा काढला. ही मुलं आईकडे निघतात आणि मध्येच थबकतात, कारण ज्याच्याकडे धाव घ्यायची तोच माणूस भीतीचं कारण असतो.

एक सावधगिरी. या गटांचं हल्ली इंटरनेटवर राशीसारखं झालंय. ‘मी अँक्शस (चिकटणारी), तो अवॉयडंट (मान वळवणारा), आमचं जमणार नाही’ असं लोक पत्रिका बघितल्यासारखं सांगतात. हे गट म्हणजे माणसाचा जन्मजात शिक्का नव्हे. एकाच मुलाचं आईशी एक आणि आजीशी दुसरं नातं असू शकतं. कोकणातल्या कितीतरी घरांत वडील मुंबईला चाकरीला, ते भेटणार गणपतीत आणि शिमग्याला. म्हणून त्या सगळ्या मुलांची मनं मोडली असं म्हणणं हास्यास्पद ठरेल. अंगणात कोणीतरी हक्काचं होतं की नाही, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. शिवाय कठीण बालपणातून आलेली माणसंही पुढे एखादा जोडीदार, एखादे शिक्षक, एखादा थेरपिस्ट यांच्या सहवासात भरवशाची नाती जोडायला शिकतात, हे मेन आणि इतरांच्या अभ्यासात दिसलेलं आहे.

मोठेपणी याचं काय होतं ते एका कल्पित जोडप्यावरून बघू. नवरा रात्री नऊला डोंबिवलीच्या गाडीतून उतरून घरी येतो. गप्प आहे. बायको विचारते, “काय झालं?” तो म्हणतो, “काही नाही.” ती पुन्हा विचारते. तो मोबाइल उघडतो. “तुला माझ्याशी बोलायचंच नसतं.” “झालं सुरू?” “म्हणजे मीच भांडखोर ना?” तो उठून गॅलरीत जातो. ती मागोमाग जाते. तो दार लावून घेतो. ती दाराबाहेरून असं काहीतरी बोलते की ज्याचा दुसऱ्या दिवशी तिलाच पश्चात्ताप होतो. विषय कधी सासूबाईंचा असतो, कधी ईएमआयचा, कधी ओल्या टॉवेलचा. चाल तीच.

नातेवाइकांना विचारलं तर दोन पक्ष पडतील. ती फार मागे लागते, किंवा तो दगड आहे. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ सू जॉन्सन यांनी नेमकी याच जागी मोठी कामगिरी केली. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला व्हँकुव्हरला, लेस्ली ग्रीनबर्ग यांच्याबरोबर, त्यांनी जोडप्यांच्या थेरपीच्या चित्रफिती पुन्हापुन्हा पाहिल्या. एकाने पाठलाग करायचा, दुसऱ्याने माघार घ्यायची, हे चक्र त्यांना सतत दिसलं. पुढे त्यांनी ते बोल्बींच्या सिद्धान्ताशी जोडलं: मोठ्या माणसांचं प्रेमही त्याच जवळिकीच्या गरजेवर उभं आहे, आणि बरीचशी भांडणं म्हणजे ‘तू आहेस ना माझ्यासाठी?’ या प्रश्नाची वाकडी रूपं आहेत. यातून उभ्या राहिलेल्या पद्धतीला ‘इमोशनली फोकस्ड थेरपी’ म्हणतात. 2024 मध्ये जॉन्सन गेल्या, तोपर्यंत ती अनेक देशांत पोचली होती.

या थेरपीत आपलं जोडपं गेलं तर थेरपिस्ट सासूबाईंचा आणि टॉवेलचा निवाडा करत बसत नाही. भांडणाची चाल तो समोर मांडतो: तुम्ही विचारता, ते गप्प होतात, ते गप्प झाले की तुम्ही आवाज चढवता, तुमचा आवाज चढला की ते आणखी आत जातात. दोघांचाही शत्रू हे चक्र आहे. मग तो फार सावकाश एकेका क्षणात थांबतो. “त्यांनी मोबाइल उघडला तेव्हा तुमच्या पोटात काय झालं?” ती आधी म्हणते, “राग आला.” थेरपिस्ट घाई करत नाही. रागाच्या खाली काय होतं? बऱ्याच वेळाने ती म्हणते, “आपण कोणाला नकोच आहोत असं वाटलं.” आता नवऱ्याकडे वळून: “आणि त्या मागे आल्या तेव्हा?” तो म्हणतो, “काही नाही.” इथे सामान्य माणूस चिडेल. थेरपिस्टला ते मान वळवलेलं, धडधडत्या छातीचं बाळ माहीत असतं. तो म्हणतो, “म्हणजे त्या क्षणी काहीच जाणवू न देणं हाच तुम्हाला सावरायचा मार्ग वाटतो. हे कधीपासून?” मग कधीतरी, तिसऱ्या किंवा आठव्या भेटीत, तो सांगतो की त्याच्या घरी आवाज चढला की पुढे पट्टा निघायचा. तेव्हा जो गप्प राहील तो वाचायचा.

बायकोने हे ऐकणं हा औषधाचा मोठा भाग आहे. इतकी वर्षं तिला ते गप्प बसणं म्हणजे बेपर्वाई वाटत होती. आणि त्यालाही पहिल्यांदा कळतं की जिला तो ‘सतत कटकट’ म्हणत होता, ती दाराबाहेर उभी राहून आत येऊ का म्हणून विचारत होती.

करुणा इथे नेमकी कुठे आहे? ती थेरपिस्टच्या गोड बोलण्यात नाही. तुमच्या जुन्या उपायाचा आधी मान राखायचा आणि मगच त्याची आज गरज आहे का ते विचारायचं, या क्रमात ती आहे. ‘गप्प बसणं सोडा’ असं सांगितलं तर तो माणूस फेलिटींच्या रुग्णांसारखा पुढच्या भेटीला येणारच नाही. ‘त्या घरात गप्प बसलात म्हणून टिकलात’ हे कोणीतरी मान्य केलं की मग कदाचित तो विचारेल, इथे बोललो तर काय होईल? गिल्बर्ट यांच्या मते करुणेला दोन बाजू आहेत. दुःखाकडे पाठ न फिरवता बघणं ही एक, आणि ते कमी व्हावं म्हणून काहीतरी करण्याची बांधिलकी ही दुसरी. पहिलीला धैर्य लागतं, दुसरीला शहाणपण. नुसतं ‘अरेरे’ म्हणणं दोन्हींत बसत नाही.

क्रमाचा मुद्दा आणखी एका ठिकाणी महत्त्वाचा आहे. थेरपी म्हणजे जाऊन सगळं भडाभडा ओकून टाकायचं, असा आपला समज सिनेमांनी करून दिलाय. हर्मन यांनी 1992 मध्ये मांडलेला आणि अजूनही बहुतेक थेरपिस्टना मार्गदर्शक वाटणारा आराखडा वेगळा आहे. पहिला टप्पा सुरक्षिततेचा: झोप, जेवण, व्यसन, घरात आज मारहाण होते आहे का, आत्महत्येचे विचार येतात का, घाबरं झाल्यावर स्वतःला कसं सावरायचं. दुसरा टप्पा आठवण्याचा आणि जे गेलं त्याचा शोक करण्याचा. तिसरा पुन्हा माणसांत, रोजच्या आयुष्यात परतण्याचा. हे जिन्यासारखं सरळ चढत जात नाही, माणूस मागेपुढे होतो. पण पाया झाल्याशिवाय आठवणी उकरल्या तर रुग्ण मोकळा होण्याऐवजी पुन्हा त्याच प्रसंगात फेकला जातो. म्हणून पहिले काही आठवडे ‘नुसतं श्वासाचं काय करून घेताहेत, मुद्द्याचं बोलतच नाहीत’ असं वाटलं, तर ते वेळकाढूपणाचं लक्षण असेलच असं नाही.

आणि श्वासाचं करून घेतात त्यालाही कारण आहे. गिल्बर्ट भावनांच्या तीन यंत्रणा सांगतात: धोक्याची, मिळवण्याची आणि निवण्याची. आपली शाळा, नोकरी आणि बहुतेक घरं पहिल्या दोघींना रोज व्यायाम देतात. भीती आहेच, स्पर्धा आहेच. तिसरी, कोणाच्या तरी जवळ शांत वाटण्याची यंत्रणा, ज्यांना लहानपणी कोणी निववलंच नाही त्यांच्यात ती दुबळी राहते. संथ श्वास, मवाळ स्वर, समजूतदार माणसाची मनात उभी केलेली प्रतिमा हे सगळे त्या तिसरीचे व्यायाम आहेत. गंमत म्हणजे, गंमत कसली, अवघड भाग म्हणजे, ज्यांना याची सगळ्यात जास्त गरज असते त्यांनाच ते सोसत नाही. कोणी प्रेमाने बोललं की त्यांना रडू फुटतं, शरम वाटते किंवा संशय येतो, ‘याला माझ्याकडून काय हवंय?’ लहानपणी माया आणि मार एकाच हातून मिळाले असतील तर माया दिसली की मार आठवणारच. चांगला थेरपिस्ट या भीतीलाही घाई करत नाही. तो मात्रा थोडी ठेवतो.

दुसऱ्याच्या जवळ असण्याचा शरीरावर परिणाम होतो हे मोजूनही पाहिलंय. जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये सोळा विवाहित स्त्रियांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं, आता विजेचा सौम्य धक्का बसेल अशी सूचना देऊन. एकट्या असताना मेंदूत धोक्याची खळबळ जास्त होती. अनोळखी माणसाने हात धरल्यावर ती थोडी कमी झाली, आणि नवऱ्याने धरल्यावर सगळ्यात कमी. ज्यांचं नातं जास्त समाधानाचं, त्यांच्यात हा फरक आणखी ठळक होता. प्रयोग लहान आहे, त्यावर ताजमहाल बांधू नये. पण ‘स्वतःचं स्वतः सावरायला शिका’ या सल्ल्यालाही मर्यादा आहेत, हे तो सांगून जातो.

आता दोन-तीन शंका, ज्या मराठी घरांत हमखास निघतात.

म्हणजे सगळा दोष आईवडिलांवर टाकायचा का? नाही, आणि हा प्रश्न योग्यच आहे. ज्या आईने मुलाला कधी जवळ घेतलं नाही तिला स्वतःला कोणी घेतलं होतं का, याचा शोध घेतला की दोषाची रांग फार मागे जाते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या कामातून एक दिलासाही मिळतो. चांगल्या आई-बाळांचंही एकमेकांशी सूर जुळणं एकूण वेळेच्या सुमारे 30 टक्केच असतं. उरलेल्या वेळात चुकतं आणि पुन्हा जुळवलं जातं. मुलाला न चुकणारी आई लागत नाही, चुकल्यावर परत येणारी लागते. मात्र समजून घेणं म्हणजे माफ करणं नव्हे, हेही तितकंच खरं. ‘माफ करून टाका, मन हलकं होईल’ असं दडपण आणणारा थेरपिस्ट माझ्या मते आपल्या कामाच्या बाहेर जातो. अत्याचार करणाऱ्याला माफ न करताही माणसं बरी होतात.

दुसरी शंका: जुनी जखम आहे म्हणून बायकोवर हात उचलला, याला करुणेने समजून घ्यायचं का? कारण समजलं तरी जबाबदारी त्याचीच राहते. घरात हिंसा चालू असेल, एकाला दुसऱ्याची भीती असेल, तर जोडप्याची थेरपी सुरूच करू नये, असंच या पद्धतीचे जाणकार सांगतात. तिथे खरं बोलणारी बाई घरी जाऊन मार खाईल. अशा वेळी आधी तिची सुरक्षितता. त्यासाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, 181 ही महिला हेल्पलाइन आहे.

आणि तिसरी, कुजबुजत विचारली जाणारी: घरातलं बाहेर जाईल का? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाच्या माहितीची गुप्तता हा हक्क ठरवलाय. जिवाला धोका असण्यासारखे काही मोजके अपवाद आहेत, आणि ते पहिल्याच भेटीत समजावून सांगणं हे थेरपिस्टचं काम आहे.

जायचं कोणाकडे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट हे डॉक्टर, ते औषधं देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशक या पाटीखाली मात्र फार वेगवेगळ्या तयारीची माणसं बसलेली असतात, म्हणून शिक्षण कुठे झालं, आघातावर काम करण्याचं प्रशिक्षण आहे का, अडलं तर सल्ला कोणाचा घेता, हे सरळ विचारावं. यात उद्धटपणा काही नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. ठाण्याची आयपीएच म्हणजे ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था 1990 पासून मराठीत हे काम करते आहे. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, 14416 वर दिवसरात्र फोन करता येतो आणि मराठीत बोलता येतं. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर लेख वाचत बसण्याआधी तो नंबर फिरवावा.

परदेशातल्या मराठी मंडळींना एक जास्तीची अडचण येते. ‘सासू-सासरे सहा महिने राहायला आलेत’ यातला ताण तिथल्या थेरपिस्टला समजावतानाच अर्धा तास जातो. त्यातले बरेच जण आता ऑनलाइन मराठी थेरपिस्ट शोधतात, कारण ‘आई गं’ म्हणत रडायचं तर ते त्याच भाषेत जमतं.

किती दिवस लागतात? जोडप्यांच्या या थेरपीला साधारण आठ ते वीस भेटी धरतात. जुना आघात असेल तर जास्त, कधी खूपच जास्त. मध्ये काही आठवडे आधीपेक्षा वाईट वाटण्याचेही येतात. आणि कधीतरी थेरपिस्टही चुकतो: घड्याळाकडे बघतो, महत्त्वाचं वाक्य हुकवतो, नको तिथे सल्ला देतो. तेव्हा आपला जुना उपाय उफाळून येतो, पुढच्या भेटीला दांडी मारावीशी वाटते, नाहीतर हसून साजरं करावंसं वाटतं. त्याऐवजी पुढच्या वेळी जाऊन ‘मागच्या वेळी तुम्ही असं म्हणालात ते मला लागलं’ एवढं सांगून बघावं. तो ते ऐकून घेतो, आपली बाजू मांडत बसतो की तुमच्यावरच उलटवतो, यावरून त्याच्याकडे पुढे जायचं की दुसरा शोधायचा, ते ठरवता येईल.